कोरी पट्टी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशीही नाही — आणि देवापाशी कुठल्या तोंडाने बोलणार? देवळातच तर माझ्या खांद्यावर शेला पडला होता! तुम्ही समोर बसलात, निवांत ऐकताय, म्हणून म्हटलं आज होऊन जाऊ दे. मधे मी इकडेतिकडे भटकेन, तेवढं चालवून घ्या. माझी जीभ तशी वाहती, अख्ख्या पारनाक्याला ठाऊक आहे. पण या एका गोष्टीपाशी आली की अडते. सोळा वर्षं अडलीय.

हा माझा डावा हात पाहा. बाही वर करतो, थांबा. दंड पाहा, आतल्या बाजूने पाहा. काही दिसतंय? वण, डाग, खूण? काही नाही ना? तेच तर सांगायचंय!

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. कल्याणात एका शेटजींनी धर्मार्थ दवाखाना बांधला होता, तिथे मी कंपौंडर. औषधं कुटायची, मलमं घोटायची, पट्ट्या बांधायच्या. डॉक्टर म्हणजे एक गोरा साहेब. तो ठाण्याहून आगगाडीने आठवड्यातून दोनदा यायचा, आणि बाकीचे पाच दिवस दवाखान्याचा राजा मीच! अहो, काय तो तोरा! गळ्यात उपरणं, खिशात साहेबाने दिलेली जुनी कातरी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट सल्ला. गळू फोडताना मोठमोठे पैलवान ओरडायचे, तेव्हा मी त्यांना धरून म्हणायचो, ‘काय बायकांसारखं करता!’ हे वाक्य लक्षात ठेवा.

दवाखान्यात आणखी एक माणूस होतं. रखमा. मोऱ्या धुवायची, घाण उचलायची, रक्तापुवाच्या पट्ट्या उकळून वाळत घालायची. तिची जात तुम्हाला सांगायला नको. ती ओसरीवर चढायची ती फक्त खराट्यासकट, एवढं म्हटलं की पुरे. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असेल. मला भाऊसाहेब म्हणायची. मी तिला ‘ए रखमे’ म्हणायचो.

तर पारनाक्यावरच्या नानांची अंबू भाजली. एकुलती एक लेक, सोळा-सतरा वर्षांची, दिवाळीआधी माहेरी आलेली. चुलीवरून पातेलं उतरवताना पदर पेटला. डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत, काख, आणि काखेखालची बरगडी. आणि माणसं काय करतात पाहा! कुणी शेण थापलं, कुणी दौतीतली शाई ओतली, कुणी कोरफड, कुणी राख. डोलीतून आणली तेव्हा त्या हातावर सगळं घर सांडलेलं होतं. ते शेण काढायलाच मला अर्धा दिवस लागला. ती ओरडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

साहेबाचं औषध साधं होतं. चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल, निम्मं निम्मं, लोण्यासारखं होईस्तोवर घुसळायचं, कापसाच्या लडी त्यात भिजवायच्या आणि हात गुंडाळून ठेवायचा. नानांच्या घरच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, एवढं तर आम्हीही केलं असतं! मग केलं का नाही? पण ते जाऊ दे.

महिनाभर मी ते तेल घुसळलं. ताप चढला, उतरला. मेलेलं कातडं सुटून पडलं आणि खाली लाल मांस आलं, डाळिंब फोडल्यासारखं. पोरगी वाचली! आम्ही सगळे खूष. आणि साहेब मात्र तोंड वाईट करून बसला. त्याने मला दाखवलं — ही जखम आपोआप भरेल, पण भरताना आवळत जाईल. कोपर दुमडेल, दंड बरगडीला चिकटेल, आणि हात जन्मभर कोंबडीच्या मिटलेल्या पंखासारखा राहील. फळी बांधून आम्ही तो ताणून धरला होता, पण फळी किती दिवस धरणार?

आणि नौपाड्याहून, तिच्या सासरहून, निरोप आला होता. ‘हात सरळ झाला की कळवा.’ बस, एवढाच. न झाला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मग साहेबाने ती नवी गोष्ट काढली. अहो, आज सांगतानाही माझ्या अंगावर काटा येतो! मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, विलायतेत आता जखमेवर कातडं पेरतात. पेरतात! निरोगी माणसाच्या दंडाचं कातडं सुईने उचलायचं, कातरीने तांदळाच्या दाण्याएवढं छाटायचं आणि लाल मांसावर ठेवून द्यायचं. असे पंधरा-वीस दाणे. रुजले, तर प्रत्येक दाणा चहूकडे पसरतो आणि जखम आवळायच्या आत झाकून टाकतो. मला तर रात्रभर झोप नाही. माणसाच्या अंगावर माणसाची लावणी!

पण दाणे कुणाचे? अंबूच्या अंगात आता काढायला काही उरलं नव्हतं, नुसती हाडं. आईला रक्त पाहून चक्कर यायची. नानांच्या अंगावर जुने खवडे, सगळं कातडं खराब, साहेबाने त्यांना दुरूनच नको म्हटलं. भाऊ नाही. नवऱ्याचं नावच काढायला नको. आणि नानांनी हात जोडून सांगितलं — कातडं जातीतल्याचंच हवं, नाहीतर मुलगी अशीच राहिली तरी चालेल. सगळे खाली बघत बसले.

आणि मी उठलो. उचलली जीभ लावली टाळ्याला! ‘माझं घ्या,’ म्हणालो. ‘मी जातीतलाच. किती हवं तेवढं घ्या!’

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मला काय वाटलं! अंबूच्या आईने माझे पाय धरले. म्हणाली, तुम्ही तिचे भाऊ झालात. नानांच्या डोळ्यांत पाणी. आणि साहेबाने माझी पाठ थोपटली! संध्याकाळपर्यंत गावभर झालं. देवळापाशी लोक थांबून माझा दंड बघायचे, आणि मी दाखवायचो. मी खोटं बोलत होतो का तेव्हा? नाही हो. शपथ घेऊन सांगतो, तेव्हा मी देणारच होतो. खरंच देणार होतो.

दिवस ठरला. दुपारची वेळ. साहेबाने अंबूला अफूचा अर्क पाजून गुंगीत ठेवलं होतं. दार लावलेलं, बाहेर ओसरीवर नाना, आई आणि निम्मा पारनाका. आत साहेब, मी, आणि भांडं धरायला साहेबाने मागल्या दाराने बोलावलेली रखमा. साहेबाला साडेचारची गाडी गाठायची होती. मी ऐटीत बाही वर केली, खुर्चीवर बसलो. त्याने सुई टोचली, कातडं जरासं उचललं आणि कातरी जवळ आणली.

मी हात काढून घेतला.

साहेब हसला. पुन्हा. पुन्हा काढून घेतला. तिसऱ्यांदा कातरीचं गार लोखंड नुसतं लागलं आणि — कसं सांगू?   मी! शेकडो लोकांना धरून ठेवणारा मी! खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसलो आणि लहान मुलासारखा म्हणालो, ‘नको, साहेब, नको.’ त्याने घड्याळ पाहिलं आणि त्याच्या भाषेत काहीतरी बोलला, त्याचा अर्थ मला कळला. तांदळाच्या दाण्याएवढं कातडं हो! दाढी करताना याहून जास्त जातं.

तेवढ्यात भांडं जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. रखमाने पदराला हात पुसले, चोळीची बाही वर सारली आणि दंड पुढे केला. म्हणाली, ‘माजा चालल का?’

साहेबाला जातीशी काय करायचंय? त्याला मराठीतले चार शब्द यायचे, त्यांतला एक त्याने दोनदा वापरला. ‘कातडं कातडं!’ म्हणाला, आणि लागला कामाला.

सतरा दाणे. मी मोजले, कारण तेवढंच मला करता येत होतं. सुई, कातरी, दाणा. सुई, कातरी, दाणा. रखमा भिंतीकडे बघत उभी होती. हूं नाही, चूं नाही. मधे एकदाच अंबूकडे वळून पाहिलं आणि पुटपुटली, ‘लई ल्हान हाय पोर.’ साहेब एकेक दाणा सुईच्या टोकावर घेऊन त्या लाल मांसावर ठेवत गेला, ओळीने, हाताएवढं शेत. वर तेलकट रेशमाचा तुकडा, वर कापूस. मग स्वतः गुडघे टेकून रखमाचा दंड बांधला. साहेबाने! मग टोपी घातली आणि मागल्या दाराने स्टेशनकडे पळाला.

आता ऐका. आत मी आणि रखमा, आणि गुंगीत अंबू. बाहेरून आईचा आवाज — ‘झालं का हो? भाऊंना फार लागलं का?’

भाऊंना!

मी पट्टीचा गुंडाळा उचलला आणि स्वतःच्या दंडाला गुंडाळला. ह्या दंडाला. कोरा दंड, त्यावर चार पदरी पट्टी. एका हाताने गाठ बसेना, तर दातांनी ओढली. रखमा बघत होती. मी म्हणालो, ‘बाहेर बोलायचं नाही.’ ती म्हणाली, ‘मी कुनाला सांगू, भाऊसाहेब?’ आणि बाही खाली ओढून, वर पदर घेऊन, भांडं उचलून मोरीकडे गेली. मी दार उघडलं. हात छातीशी धरला होता, दुखल्यासारखा. आईने माझ्या तोंडात साखर घातली.

आता तुमच्या मनात आलं असेल — बरोबरच केलं की! खरं सांगितलं असतं तर नानांनी ते दाणे खरडून काढायला लावले असते, पोरीचा हात गेला असता. मीही स्वतःला हेच सांगितलं. किती वर्षं सांगितलं! पण पट्टी बांधताना माझ्या मनात अंबूचा हात नव्हता हो. ‘भ्यालो’ हे चारचौघांत म्हणावं लागेल, एवढंच होतं. आणि हात बरा झाल्यावर? त्यानंतरची सोळा वर्षं? तेव्हा कुठला दाणा खरडला जाणार होता? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू!

चौथ्या दिवशी साहेबाने पट्टी सोडली. दाणे पांढरे पडले होते, दोन तर विरघळूनच गेले. माझा जीव टांगणीला. आठव्या दिवशी तर काहीच दिसेना, नुसतं लाल.  आणि अकराव्या दिवशी — अहो, अकराव्या दिवशी! मी एकटाच पट्टी बदलत होतो, खिडकीतून ऊन आलं होतं, आणि त्या लालीवर निळसर-पांढरे ठिपके! दुधावर साय धरावी तसे. एक, दोन, पाच, नऊ, अकरा! प्रत्येकाला भोवती झालर फुटलेली! मी ओरडलो, नाचलो, अंबूच्या आईला हाका मारल्या, अंबू बिचारी घाबरून रडायलाच लागली. असा आनंद मला लग्नात झाला नाही, मुलगा झाला तेव्हा झाला नाही.

आणि दाराच्या फटीतून रखमाचा आवाज आला. ‘जित्ते हायेत का?’

‘जिवंत आहेत! रखमे, अकरा जिवंत आहेत!’ मी म्हणालो. आणि ती हसली. तिच्या तोंडावर मी एवढं मोठं हसू पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाली, एकदा बघू द्याल का, लांबूनच? मी म्हणालो, बघशील, घाई काय आहे. आणि त्याच दिवसापासून तिला त्या खोलीकडे फिरकू दिलं नाही. का? तिच्या दंडाकडे कुणाचं लक्ष गेलं असतं म्हणून.

माझी पट्टी मी पंधरा दिवस मिरवली, साहेब आला की तेवढी बाही खाली ओढून. दर दोन दिवसांनी सोडायची, नवी बांधायची आणि जुनी धुवायला टाकायची. धुवायची कोण? रखमाच. एक दिवस मोरीपाशी मला थांबवून तिने अगदी सरळ विचारलं, ‘भाऊसाहेब, तुमची पट्टी कोरीच हाय. धुवू, का तशीच घडी घालू?’ टोमणा नव्हता हो तो. तिला खरंच विचारायचं होतं, पाणी लांबून आणावं लागायचं. मी तिच्यावर खेकसलो. ‘सांगितलं तेवढं कर!’ म्हणालो. तिने ती कोरी पट्टी धुतली. तिच्या स्वतःच्या दंडाला तेव्हा पू झाला होता, ते मला चार दिवसांनी वासावरून कळलं. मी तिला मलमाची डबी दिली. पट्टी बांधून दिली नाही.

अंबूचा हात सरळ झाला. पूर्ण सरळ! डोक्यावर घागर धरण्याइतका. सासरचे गाडी घेऊन आले, थाटात घेऊन गेले. त्या आधी देवळात सभा झाली, शेटजींनी मला शेला पांघरला, एका शास्त्रीबुवांनी तर मला पुराणातल्या दानशूरांच्या ओळीत नेऊन बसवलं. आयत्या बिळावर नागोबा! साहेबाची तोवर बदली झाली होती. सांगणारं कोणी उरलंच नव्हतं.

आणि भाऊबीज सुरू झाली. दरवर्षी. अंबू मला ओवाळते, आणि ओवाळताना तबक धरते त्याच हाताने. लोक विचारतात, भाऊंच्या दंडावर वण कसा नाही? मी म्हणतो, साहेबाची कातरीच तशी बारीक. बायकोलाही तेच सांगितलंय. एकदा अंबूच म्हणाली, ‘भाऊ, तुम्ही इतके गोरे, मीही गोरी, मग हे ठिपके सावळे कसे हो आले?’ मी म्हणालो, ‘अगं, भाजल्या जागी काळपट येतंच.’ तिने मान हलवली. तिचा माझ्यावर केवढा विश्वास!

आता खरं सांगायचंय ते सांगतो. एवढा वेळ जे सांगितलं, ते सांगण्यासारखं तरी होतं.

तिसऱ्या वर्षी अंबू दिवाळीला कल्याणास आली होती. भाऊबीज नानांच्या घरीच. ओवाळून झालं होतं, मी मागल्या पडवीत सुपारी कातरत बसलो होतो. सकाळचं ऊन लख्ख. रखमा मागल्या दारी आली, दिवाळीचा फराळ मागायला, दारोदार जायची तशी. ‘वाढा माय,’ म्हणाली. अंबूच उठली. ताटात करंज्या, लाडू घेऊन दारात उभी राहिली, आणि रखमाने पदर पसरला. वरून टाकायचं, खालून झेलायचं. अंबूने डावा हात लांब केला. खांद्यापर्यंत उघडा, उन्हात, सरळ. आणि त्यावर ते ठिपके.

रखमा फराळाकडे बघेना. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती हो! अकरापर्यंत मोजलं तिने. आणि नकळत एक पाऊल पुढे आली, हाताजवळ.

अंबू चटकन मागे सरली. ‘अगं, लांब! सोवळ्यात आहे मी.’

‘चुकला माय,’ म्हणून रखमा दोन पावलं मागे गेली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बाईंचा हात लई चांगला झाला, भाऊसाहेब.’

अंबूला आनंदच झाला. हसत हसत म्हणाली, ‘होणारच! आमच्या भाऊंचं कातडं आहे ते!’

रखमाने वरून पडलेल्या करंज्या पदरात झेलल्या, न बघताच. माझ्याकडेच बघत होती. रागाने नाही. नुसती वाट बघत होती, मी काही बोलतो का. किती वेळ? एक सुपारी कातरायला लागते तेवढा. अंबूही हसून माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, ‘हो.’

‘व्हय, ऐकलाय मी,’ रखमा म्हणाली. पदराची गाठ मारली आणि गेली.

ती या पावसाळ्यात वारली. तापाने. दवाखान्याच्याच मागल्या पडवीत होती शेवटचे दोन दिवस. मी नाडी पाहायला गेलो. सोळा वर्षांत पहिल्यांदा तिचं मनगट हातात धरलं. बाही वर सरकली होती. दंडावर सतरा पांढरे वण, तांदळाच्या दाण्याएवढे. तिला शुद्ध नव्हती. मी बाही खाली ओढली — कुणी पाहू नये म्हणून.

परवा भाऊबीज. नौपाड्याहून अंबूचा निरोप आलाय, भाऊ, सकाळच्या गाडीने या, तुमच्या आवडीचे अनारसे केलेत. सदरा धुऊन ठेवलाय, लांब बाह्यांचा. मी जाणार आहे.